झॅबिक्स ७.० : "सिस्टिम स्लो आहे" या तक्रारीला आकडा देणारं सॉफ्टवेअर

सकाळी साडेअकराला बिलिंगच्या टेबलावरून फोन येतो, "सर, सिस्टिम स्लो आहे." सर्व्हर रूममधला माणूस स्क्रीन बघतो. सर्व्हर चालू, प्रोसेसर १८ टक्क्यांवर, लाइन चालू, स्विचवर एकही लाल दिवा नाही. "इकडे सगळं ठीक आहे," असं उत्तर जातं. दोघंही खरं बोलतात. एकाला यंत्रं जिवंत दिसतायत, दुसरीला एक बिल सेव्ह व्हायला नऊ सेकंद थांबावं लागतंय.

नेटवर्क आणि सर्व्हरवर नजर ठेवणारं झॅबिक्स हे सॉफ्टवेअर ही मधली फट भरून काढतं का, एवढंच या परीक्षणात तपासलं आहे. उत्तर असं, की भरून काढतं, पण आपोआप नाही. बसवलं आणि तयार टेम्प्लेट (मोजमापांचा आयता संच) लावून सोडून दिलं तर तेही यंत्रंच मोजत बसतं. माणसाचं ताटकळणं मोजायला त्याला शिकवावं लागतं. त्यासाठी लागणारी बरीचशी साधनं ७.० या आवृत्तीत एका जागी आली आहेत.

नमुना म्हणून मुंबईत सर्रास दिसणारी मांडणी घेऊ. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात मुख्य ऑफिस, साठ-सत्तर संगणक. भिवंडीला गोदाम, मस्जिद बंदरला विक्रीचं छोटं ऑफिस, दोन्ही व्हीपीएनने जोडलेली. ईआरपी (बिलं, साठा, खरेदी एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) क्लाउडवर, पण हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर अजून मरोळच्याच सर्व्हरवर. आयटी सांभाळायला एक माणूस, फार तर दीड.

झॅबिक्स मूळचं लाटव्हियातल्या रीगाचं. अलेक्सेई व्लादिशेव यांनी २००१ मध्ये ते पहिल्यांदा लोकांपुढे आणलं. ७.० ही दीर्घकाळ पाठबळ मिळणारी आवृत्ती जून २०२४ मध्ये आली आणि तिला पाच वर्षं दुरुस्त्या मिळणार आहेत. सॉफ्टवेअर फुकट आहे, होस्ट (नजरेखालचं यंत्र) किंवा सेन्सर मोजून पैसे लागत नाहीत. याच आवृत्तीपासून परवाना जीपीएल २ वरून एजीपीएल ३ वर गेला. स्वतःच्या ऑफिसात जसंच्या तसं वापरणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही, बदल करून ते इतरांना सेवा म्हणून देणाऱ्याने मात्र अटी वाचाव्यात.

यंत्र फार मोठं लागत नाही. किती लागेल याचा हिशेब कागदावर करता येतो. समजा ३००० आयटम, म्हणजे मोजायच्या गोष्टी, आहेत आणि प्रत्येक दर ६० सेकंदांनी मोजला जातो, म्हणजे सेकंदाला ५० नोंदी. एका नोंदीला साधारण ९० बाइट धरले तर ३० दिवसांचा इतिहास ११-१२ जीबीत बसतो. ताशी सरासरी ठेवणारे ट्रेंड वर्षभर ठेवले तर आणखी अडीच जीबीच्या आत. ४ कोअर, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीचा एसएसडी या कामाला पुरतो. लॅमिंग्टन रोडवर मिळणारा जुना ऑफिस डेस्कटॉपही चालेल, मात्र डिस्क नवी घ्या. डेटाबेस दिवसरात्र लिहीत असतो, फिरत्या हार्ड डिस्कवर तो महिन्याभरात कुंथायला लागतो, आणि मग मोजणारंच हळू झालं की आलेख कोणाबद्दल बोलतोय हे कळेनासं होतं. ब्राउझर तपासणी लावायची असेल तर रॅम १६ जीबी करा. त्याबद्दल पुढे.

बसवताना उबुंटू किंवा रॉकी लिनक्सवर त्यांचीच पॅकेजं वापरा, डेटाबेस पोस्टग्रेसक्यूएल. वेब पडद्याचा टाइमझोन एशिया-कोलकाता ठेवा आणि "अ‍ॅडमिन" या खात्याचा मूळ पासवर्ड पहिल्या पाच मिनिटांत बदला, तो जगाला माहीत आहे. ७.० मध्ये ओटीपी अ‍ॅपवरचं दुसरं प्रमाणीकरण आलंय, तेही लगेच चालू करा. एजंट (मोजायच्या यंत्रावर बसणारा छोटा प्रोग्रॅम) १०५० नव्हे तर १००५० या पोर्टवर आणि सर्व्हर १००५१ वर ऐकतो. हे दोन आकडे फायरवॉलमध्ये चुकीचे टाकून तासभर घालवणारे बरेच जण असतात. दोन्ही पोर्ट फक्त व्हीपीएनच्या आत उघडी ठेवा.

सगळ्या यंत्रांची घड्याळं एका एनटीपी (अचूक वेळ देणाऱ्या) सर्व्हरवर आणणं हे बसवणीचंच काम समजा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवणं आणि लॉग १८० दिवस ठेवणं अपेक्षित आहेच. शिवाय भिवंडीचं घड्याळ दोन मिनिटं पुढे असेल तर तिथला लॉग आणि इथला आलेख शेजारी ठेवून काहीही सिद्ध करता येत नाही. झॅबिक्सचा इतिहास म्हणजे ते १८० दिवसांचे लॉग नव्हेत, त्यांची सोय वेगळी करावी लागते.

वेळ कुठे जातो

एक पान उघडायला लागलेल्या वेळाचे तुकडे असतात. नावावरून पत्ता शोधणं, टीसीपी जोडणी, सुरक्षित जोडणीची देवघेव, सर्व्हरने उत्तर तयार करणं, आणि उत्तर तारेवरून येणं. झॅबिक्समध्ये यातले पहिले दोन आणि पूर्ण पानाचा वेळ, असे तीन आकडे सहज वेगळे काढता येतात आणि तेवढ्यावर बहुतेक तक्रारींचा निकाल लागतो.

पहिला म्हणजे डीएनएसचा, नावावरून पत्ता शोधण्याचा, वेळ, त्यासाठी ७.० मध्ये एजंटला नवा आयटम मिळाला आहे. दुसरा, टीसीपी जोडणीचा वेळ, साध्या तपासणीतून मिळतो. तिसरा, पूर्ण पानाचा वेळ, वेब सिनॅरिओतून (ठरलेली पानं मागून बघणाऱ्या तपासणीतून).

यातला मधला आकडा सगळ्यात कामाचा. टीसीपी जोडणी मागितल्यावर समोरून येणारा होकार सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम देते. ईआरपीचा प्रोग्रॅम त्यात जवळजवळ येतच नाही. म्हणजे प्रोग्रॅम गुदमरलेला असला तरी हा आकडा तारेवरच्या एका फेरीएवढाच राहतो. टीसीपीचा वेळ रोजच्यासारखा ४ मिलिसेकंद आणि पान मात्र ७ सेकंद, तर लाइनवाल्याला फोन करू नका, डेटाबेस बघा. टीसीपीचाच वेळ ४ वरून १८० वर गेला असेल तर डेटाबेसवाल्याला उगाच उठवू नका. एकच अपवाद ध्यानात ठेवा. मध्ये लोड बॅलन्सर किंवा जोडणी स्वतः स्वीकारणारी फायरवॉल असेल तर तो होकार तिचा असतो आणि तुम्ही फायरवॉलपर्यंतचंच अंतर मोजत असता.

आता एक खाचखळगा, जो नीट न पाहिल्याने अख्खे आलेख खोटे निघतात. पिंगचा (समोरच्या यंत्राला दिलेल्या हाकेचा) वेळ मोजणारा आयटम समोरून उत्तरच आलं नाही तर शून्य नोंदवतो. टीसीपी जोडणीचा आयटमही सेवा बंद असताना शून्यच देतो. मग काय होतं बघा. लाइन दुपारी दर दोन मिनिटांतून एक मिनिट पडतेय. चालू असताना वेळ ४० मिलिसेकंद, पडलेली असताना शून्य. तासाची सरासरी निघते २०. आलेखात ती दुपार सकाळपेक्षा चांगली दिसते! महिन्याच्या अहवालात हीच सरासरी जाते आणि लाइन पुरवणारा तीच आपल्यापुढे ठेवतो.

उपाय सोपा आहे. आयटमच्या प्रीप्रोसेसिंगमध्ये (नोंद साठवण्याआधीच्या टप्प्यात) "इन रेंज" ही पायरी घाला, किमान मर्यादा ०.०००१ सेकंद, आणि त्यात न बसणारी नोंद टाकून द्या. खऱ्या पिंगची सगळ्यात छोटी नोंदही झॅबिक्स एवढीच ठेवतं, त्यामुळे खरं काही हरवत नाही. उत्तर आलं की नाही हे वेगळ्या आयटमने मोजा. वेळ आणि हजेरी एकाच आकड्यात कोंबायची नाही.

तयार पिंग टेम्प्लेटमध्ये आणखी दोन गोष्टी बदलायला हव्यात. ते एका वेळी तीनच पाकिटं (पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे) पाठवतं. तीन पाकिटांत गळती मोजली तर ती शून्य, ३३, ६६ किंवा १०० टक्केच दिसू शकते. २ टक्के गळतीने ईआरपी अडखळतं, पण ती या चाळणीतून निसटते, आणि एखादंच पाकीट चुकून हरवलं तर एकदम ३३ टक्के दिसून घाबरवते. पाकिटं २० करा, दोन पाकिटांमध्ये २०० मिलिसेकंद. एक फेरी चार सेकंदांत संपते. दुसरी गोष्ट, टेम्प्लेटमधली इशाऱ्याची मूळ मर्यादा ०.१५ सेकंद आहे. मरोळहून ३ मिलिसेकंदांत उत्तर देणारा मुंबईतलाच क्लाउड सर्व्हर १४० मिलिसेकंदांवर गेला तर वापरणारा हैराण होईल आणि झॅबिक्स गप्प बसेल. उलट सिंगापूरचा सर्व्हर. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत ३९०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद निसर्गालाच लागतात आणि केबल सरळ रेषेत कधीच नसते. त्यामुळे मर्यादा प्रत्येक ठिकाणासाठी वेगळी, आठवडाभर शांतपणे मोजून मग ठरवलेली हवी. टेम्प्लेटमधला मॅक्रो (मर्यादेचा आकडा ठेवणारं नाव) होस्टपातळीवर बदलता येतो, टेम्प्लेट फोडायची गरज नाही.

कुठे उभं राहून मोजायचं

सर्व्हर रूममधून केलेलं मोजमाप सर्व्हर रूमची कहाणी सांगतं. बिलिंगच्या टेबलापर्यंत मध्ये दोन स्विच, एक जुनी केबल आणि कधी कधी छतात लपवलेला पाच पोर्टचा डबा असतो. म्हणून एक एजंट बिलिंगच्याच खोलीतल्या संगणकावर बसवा आणि टीसीपी, डीएनएस व पानाचा वेळ एजंटच्याच आयटमांनी तिथूनच मोजा. वायफायवर काम चालत असेल तर मोजणारा संगणकही वायफायवरच हवा.

विंडोज एजंटकडून आणखी दोन परफॉर्मन्स काउंटर घ्या, सेकंदाला पाठवलेले टीसीपी सेगमेंट आणि सेकंदाला पुन्हा पाठवलेले. दुसऱ्याला पहिल्याने भागणारा एक कॅल्क्युलेटेड आयटम बनवा. हे प्रमाण नेहमीच्या पातळीवरून उठून टक्का-दोन टक्क्यांवर टिकून राहिलं तर वापरणाऱ्याला ते जाणवतंच, कारण हरवलेल्या प्रत्येक पाकिटामागे टीसीपी आपला वेग कमी करतो. गाळ्यात मशीनच्या शेजारून गेलेली केबल, कुरतडलेला जोड, एका टोकाला ऑटो आणि दुसऱ्या टोकाला सक्तीने लावलेला १०० एमबीपीएस फुल डुप्लेक्स, हे सगळे आधी इथे दिसतात. मग स्विचच्या त्या पोर्टवरचा सीआरसी चुकांचा (वाटेत बिघडलेल्या पाकिटांचा) आकडा एसएनएमपीने, म्हणजे स्विचला आकडे विचारायच्या ठरलेल्या पद्धतीने, बघितला की जागा सापडते.

एसएनएमपी आवृत्ती १ कधीच वापरू नका, २सी किंवा ३ घ्या. आवृत्ती १ मध्ये ६४ बिटांचे काउंटर नाहीत. ३२ बिटांचा बाइट काउंटर १ जीबीपीएसच्या भरल्या पोर्टवर ३४ सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो, म्हणजे दर मिनिटाला वाचलं तरी मध्ये एकदा उलटून गेलेला असतो आणि आलेख चक्क अर्धा वापर दाखवतो.

लाइनच्या वापराच्या सरासरीवरही फार विसंबू नका. १०० एमबीपीएसची लाइन १५ सेकंद तुडुंब भरली आणि बाकी वेळ रिकामी राहिली तर पाच मिनिटांची सरासरी ५ टक्के येते. त्या १५ सेकंदांत ज्याने "सेव्ह" दाबलं त्याला मात्र भिंत लागलेली असते. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग किंवा बॅकअप वर चढत असताना हेच होतं. अपलोड २० एमबीपीएस आणि राउटरच्या रांगेत १ एमबी साचलं तर ती रांगच ४०० मिलिसेकंदांची होते. पाकीट हरवत नाही, फक्त उशिरा पोचतं. २० पाकिटांच्या पिंगमधला सगळ्यात मोठा वेळ वेगळ्या आयटममध्ये ठेवला की हे लगेच दिसतं, सरासरीत ते बुडून जातं.

भिवंडी आणि मस्जिद बंदरला झॅबिक्स प्रॉक्सी, म्हणजे शाखेत बसून मोजणारा आणि आकडे मुख्य सर्व्हरला पाठवणारा मदतनीस, हवाच. छोटा मिनी पीसी, त्यावर एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस, अ‍ॅक्टिव्ह पद्धतीने बसवलेला. मग तोच मुख्य सर्व्हरकडे येतो आणि शाखेत स्थिर आयपी लागत नाही. पण एक मूळ सेटिंग बदलल्याशिवाय पावसाळ्यात पाय ठेवू नका. संपर्क तुटल्यावर प्रॉक्सी गोळा केलेला डेटा किती तास सांभाळतो, ते "प्रॉक्सीऑफलाइनबफर" ठरवतं, आणि त्याची मूळ किंमत आहे १ तास. जुलैत रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली आणि लाइन सहा तासांनी आली तर पहिल्या पाच तासांचं शाखेच्या आतलं मोजमाप गेलं. ते ७२ करा. शाखेच्या आतलं नेटवर्क त्या वेळात ठीक होतं की वीजच गेली होती, हे नंतर विचारलं जातंच. यूपीएसला नेटवर्क कार्ड असेल तर तेही याच प्रॉक्सीला जोडा.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइन घेतल्या म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी झॅबिक्सचा एक उपयोग फार मोलाचा आहे. दोन्ही लाइनच्या पहिल्या टप्प्याचं पिंग एकाच आलेखात ठेवा. दोन्ही एकाच मिनिटाला पडतायत असं दोन-तीनदा दिसलं, तर दोन्ही केबल एकाच डक्टमधून किंवा एकाच गच्चीवरून येत असण्याचा संशय घ्यायला जागा आहे. इमारतीच्या केबलवाल्याला जागेवर नेऊन दाखवायला हा आलेख पुरतो.

ब्राउझर आयटम, ७.० ची खरी कमाई

जुना वेब सिनॅरिओ पानाचा मजकूर आणतो, पण त्यातली जावास्क्रिप्ट चालवत नाही. आजची बहुतेक ईआरपी आधी रिकामं पान देतात आणि मग स्क्रिप्टने भरतात. सिनॅरिओ म्हणतो ०.३ सेकंद, माणूस म्हणतो ८. दोघंही आपापल्या जागी बरोबर!

ब्राउझर आयटम खरा क्रोम चालवतो, लॉगिन करतो, बटण दाबतो, आणि प्रत्येक पायरीचा वेळ, हवं तर चित्रासकट, परत देतो. बसवायला सेलेनियम या ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा तयार डॉकर कंटेनर (सगळ्या साहित्यासह बांधलेला प्रोग्रॅम) घ्या, क्रोमसह एकटा चालणारा. पोर्ट ४४४४, आणि त्याला सामायिक मेमरी २ जीबी द्या. ती न दिल्यास डॉकरची मूळ ६४ एमबी मिळते आणि क्रोमचा टॅब मध्येच कोसळतो. झॅबिक्स सर्व्हरच्या सेटिंगमध्ये वेबड्रायव्हरचा, म्हणजे या कंटेनरचा, पत्ता भरा, ब्राउझर पोलर (तपासणी चालवणारी प्रक्रिया) किमान १ ठेवा, सेवा पुन्हा सुरू करा. सुरुवातीला संकेतस्थळ तपासण्याचं तयार टेम्प्लेट लावून जोडणी चालते का ते बघा, मग स्वतःची स्क्रिप्ट लिहा.

स्क्रिप्ट छोटी ठेवा. लॉगिनचं पान, लॉगिन, पार्टीच्या नावाने शोध, एक जुनं बिल उघडणं, लॉगआउट. एवढ्या पाच पायऱ्यांत डेटाबेसचं वाचन, शोध आणि छापील नमुना तिन्ही येतात. उत्तर जेसनमध्ये येतं, त्यातून प्रत्येक पायरीचा वेळ डिपेंडंट (मूळ आयटमच्या उत्तरावर चालणाऱ्या) आयटमने वेगळा काढा, म्हणजे क्रोम एकदाच चालतो आणि आकडे पाच मिळतात.

इथे चुका ठरलेल्या आहेत. कंटेनर मूळ मांडणीत एका वेळी एकच सत्र चालवतो. दोन ब्राउझर आयटम एकाच मिनिटाला सुरू झाले की दुसरा रांगेत थांबतो, झॅबिक्सची ६० सेकंदांची मूळ मुदत संपते आणि "ईआरपी बंद" असा खोटा इशारा जातो. स्क्रिप्ट मध्येच मेली तर अडकलेलं सत्र सुटायला मूळ ३०० सेकंद जातात, तोवर पुढच्या तपासण्याही पडतात. म्हणून आयटमना वेळापत्रकी अंतर द्या, पहिला ०, ५, १० व्या मिनिटाला, दुसरा २, ७, १२ व्या, आणि कंटेनरची सत्रमुदत कमी करा. लॉगआउट कधीही गाळू नका. ईआरपीचे परवाने मोजून घेतलेले असतात, आणि दर पाच मिनिटांनी उघडं राहिलेलं सत्र दुपारपर्यंत खऱ्या माणसाची जागा अडवतं. तपासणीसाठी फक्त वाचायचा अधिकार असलेलं वेगळं खातं काढा आणि पासवर्ड गुप्त मॅक्रोमध्ये ठेवा. ओटीपी किंवा कॅप्चा असलेल्या सरकारी पोर्टलवर हा प्रयोग करू नका, तिथे पोर्टलपर्यंतचा टीसीपी वेळ मोजणं पुरे.

झॅबिक्सच्या दस्तऐवजात या सोयीवर अजून "प्रायोगिक" असा शेरा आहे. तो खरा माना. ईआरपीच्या अपडेटमध्ये बटणाचं नाव बदललं की स्क्रिप्ट तुटते, आणि ती दुरुस्त करणारा माणूस ऑफिसात असायला हवा. तरीही हिचा एक आठवड्याचा आलेख हातात असला की "स्लो आहे" आणि "ठीक आहे" हा वाद संपतो. लॉगिन १.२ सेकंद, शोध ०.९, बिल ६.४, असं समोर असताना चर्चा थेट बिलाच्या नमुन्यावर येते.

इशारे

एका नोंदीवर इशारा लावलात तर पहिल्याच आठवड्यात लोक मोबाइल सायलेंट करतील. ट्रिगरमध्ये, म्हणजे इशारा कधी द्यायचा त्या अटीत, शेवटची नोंद न बघता गेल्या १५ मिनिटांतली सगळ्यात कमी नोंद ३ सेकंदांच्या वर आहे का ते बघा, म्हणजे सलग तीन तपासण्या वाईट. परतीची अट वेगळी लिहा, १५ मिनिटांतली सगळ्यात मोठी नोंद २ च्या खाली. मधल्या एका सेकंदाच्या अंतरामुळे इशारा लागणं-विझणं थांबतं.

महिन्याच्या ११ आणि २० तारखेचं वेगळं बघावं लागतं. बऱ्याच ऑफिसांत जीएसटीआर-१ आणि ३बी च्या मुदती इथे येतात, हिशेबाचं सगळं खातं एकाच वेळी रिपोर्ट काढत बसतं. झॅबिक्समध्ये गेल्या आठवड्यांच्या त्याच वारी, त्याच तासाशी तुलना करणारी बेसलाइन फंक्शनं आहेत आणि सोमवार सकाळसाठी ती उत्तम चालतात. पण २० तारीख या महिन्यात मंगळवारी असेल तर गेले तीन मंगळवार तिला काही सांगू शकत नाहीत. ट्रिगरमध्ये महिन्यातल्या तारखेचं फंक्शन घालून १०-११ आणि १८ ते २० साठी वेगळी मर्यादा ठेवा. इशारा बंद मात्र करू नका, तेच दिवस सगळ्यात महत्त्वाचे असतात.

संदेश टेलिग्राम, टीम्स किंवा ईमेलवर पाठवायच्या सोयी तयार आहेत. हे संदेश इंटरनेटवरूनच जातात, लाइन पडल्यावर ते बाहेरच जाणार नाहीत, हे आधी ध्यानात घ्या. एक स्वस्त ४जी डोंगल त्या कामाला लागतो.

काय जमत नाही

लाइन कोणी भरली हे झॅबिक्स सांगत नाही. नेटफ्लो (कोणाची किती वाहतूक, याची राउटरने दिलेली नोंद) वाचणं त्याच्यात मुळात नाही. त्यासाठी शेजारी एन्टॉपएनजी हे वेगळं सॉफ्टवेअर ठेवावं लागतं. प्रोग्रॅमच्या आत कोणत्या ओळीला, कोणत्या क्वेरीला वेळ लागला, हेही त्याच्या कक्षेबाहेर. पाकीटपातळीवर भांडण गेलं तर स्विचवर पोर्ट मिररिंग (एका पोर्टच्या वाहतुकीची प्रत दुसऱ्यावर) लावून पाकिटं उलगडून दाखवणारं वायरशार्कच उघडायचं.

दोन दुखणी अशी आहेत की झॅबिक्स ती फक्त सुचवतं, सिद्ध दुसऱ्या मार्गाने करावी लागतात. एक, व्हीपीएनमधली पाकिटाची लांबी. लॉगिन होतं, छोटी पानं उघडतात, मोठा रिपोर्ट मात्र टांगून राहतो, आणि पिंग निर्दोष, कारण पिंगचं पाकीट छोटं असतं. विंडोजवर तुकडे न करण्याचा पर्याय देऊन १४७२ बाइटचं पिंग पाठवा. त्यात पाकिटावरच्या पत्ता वगैरे माहितीचे २८ मिळवले की १५०० होतात. ते गेलं नाही तर आकडा उतरवत जा. पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने जोडणाऱ्या ब्रॉडबँड) लाइनवर १४६४ ला जाईल, व्हीपीएनच्या आत त्याहून बरंच खाली. मग राउटरवर टीसीपीचा एमएसएस (एका पाकिटातल्या मजकुराची कमाल मर्यादा) १३६० च्या आसपास बांधून द्या आणि रिपोर्ट पुन्हा काढून बघा. झॅबिक्समध्ये मोठ्या पाकिटाचं पिंग लावता येतं, पण तुकडे करू नको असं त्या तपासणीला सरळ सांगता येत नाही.

दुसरं दुखणं म्हणजे शेअर फोल्डरवरून उघडणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर. एक लेजर उघडायला ते समजा २००० वेळा सर्व्हरकडे जाऊन येतं. मरोळच्या लॅनवर एक फेरी अर्ध्या मिलिसेकंदाची, एकूण १ सेकंद. भिवंडीहून व्हीपीएनवर फेरी १२ मिलिसेकंदांची, एकूण २४ सेकंद. लाइन १०० वरून ३०० एमबीपीएस केली तरी ते २४ च राहतील, कारण वेळ फेऱ्यांत जातोय, भाराने नाही. झॅबिक्सचा आलेख लाइन रिकामी दाखवेल आणि टीसीपी वेळ स्थिर १२. हे दोन आकडे एकत्र दिसले की लाइन वाढवायचा प्रस्ताव थांबवा आणि भिवंडीवाल्यांना रिमोट डेस्कटॉपने मरोळच्याच यंत्रावर बसवा.

पर्यायांचं थोडक्यात. पीआरटीजी विंडोजवर चालतं आणि एका दुपारीत उभं राहतं, शिकायला झॅबिक्सपेक्षा कितीतरी सोपं. १०० सेन्सरपर्यंत फुकट आहे, पण ४८ पोर्टच्या दोन स्विचचं प्रत्येक पोर्ट मोजलं की ९६ तिथेच संपले. फक्त लाइनचाच प्रश्न असेल तर स्मोकपिंग बसवा. दर ३०० सेकंदांनी २० पिंग पाठवून त्यांचा पसारा धुरासारखा रंगवणारं ते चित्र लाइनवाल्याला दाखवायला झॅबिक्सच्या आलेखापेक्षा बोलकं आहे. दोन्ही एकाच यंत्रावर सुखाने नांदतात.

झॅबिक्स शिकायला वेळ लागतो, हे कोणी लपवू नये. आयटम, ट्रिगर, टेम्प्लेट, मॅक्रो, डिस्कव्हरी यांची सांगड बसेपर्यंत दोन-तीन आठवडे रोजचा तासभर द्यावा लागेल. सेटिंगचे पडदे खोल आहेत, एकच गोष्ट तीन ठिकाणी लपलेली वाटते. पंधरा संगणकांच्या, एकाच मजल्यावरच्या ऑफिसने या भानगडीत पडू नये, त्यांना स्मोकपिंग पुरे. तीसच्या वर संगणक, दोन तरी शाखा आणि लिनक्सची भीती नसलेला एक माणूस असेल तर याच्याइतकं मोलाचं फुकट साधन दुसरं सुचवता येत नाही.

सुरुवात बिलिंगच्या टेबलापासून करा. पहिल्या दिवशी एक एजंट, ईआरपीचा टीसीपी वेळ, पानाचा वेळ आणि २० पाकिटांचं पिंग, एवढे चारच आयटम. ते आठवडाभर तसेच चालू द्या, ट्रिगर एकही लावू नका. स्विच, सर्व्हर, यूपीएस दुसऱ्या आठवड्यात. आणि दर वेळी आवृत्ती वाढवण्याआधी डेटाबेसची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा. नवीन सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताच तक्ते बदलतो आणि जुन्या आवृत्तीला ते परत वाचता येत नाहीत.